‘घरात माणसं किती?’ विचारणारे डॉक्टर

डॉ. माधवराव सासवडकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मुलुंडच्या घराच्या ओट्यावर, चपला काढताना. पन्नास सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. खाकी अर्धी चड्डी, पोटऱ्यांवर तबेल्यातलं वाळलेलं शेण, आणि दोन्ही हात रिकामे. आईने आतूनच विचारलं, "कोण? दूधवाले का?"

"नाही वहिनी, दूधवाल्याच्या म्हशींचा डॉक्टर," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाय धुवायला पाणी मागून घेतलं.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या म्हशींवरच्या कामाबद्दल माझ्याहून जाणती मंडळी लिहिणार आहेत. लिहोत बापडी. संपादकांनी मला सांगितलं, "तुम्ही शिष्य, तुम्ही स्वभावाबद्दल लिहा." मी म्हटलं, साहेबांचा स्वभाव मला खरा दिसला तो एकाच कामात, आणि ते काम असं आहे की शुभ प्रसंगी त्याचं नाव कशाला काढता, असं काही जणांना वाटेल. वाटू दे. डॉक्टरसाहेब लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या बरं न होणाऱ्या कुत्र्या-मांजरांना शेवटचं इंजेक्शन देत. त्या काळात आपल्या उपनगरांत दुसरं कोणी हे करत असल्याचं निदान मला माहीत नाही. कुत्रं एक तर अंगणात तडफडून मरायचं, नाही तर म्युनिसिपालिटीची गाडी यायची. मधला रस्ता नव्हताच.

आमच्याकडे बाळ्या होता. माझे वडील, नाना, कट्टर दत्तभक्त. दर गुरुवारी नैवेद्याची पोळी गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचे. त्यातला एक परत गेलाच नाही, तो हा बाळ्या. म्हातारपणी त्याच्या पोटात गाठ झाली. खाणं सुटलं, दिवसभर कण्हत पडायचा. शेजारच्या तबेलेवाल्याने सांगितलं, आमचा डॉक्टर दर बुधवारी अंधेरीहून येतो, त्याला दाखवा. म्हणून साहेब आले होते.

बाळ्याला तपासून ते म्हणाले, "नाना, हा बरा होणार नाही. असाच ठेवलात तर हाल हाल होऊन जाईल. मी इंजेक्शन देऊन त्याला झोपवू शकतो."

नाना भडकले. "दत्तमहाराजांच्या पायाशी कुत्री असतात, डॉक्टर! आणि मी त्यांचा म्हणवणारा माझ्याच दारातलं कुत्रं मारू?"

दुसरा कोणी असता तर वाद घालत बसला असता. साहेबांनी चहा मागितला. "मी चहा घेतो, तोवर तुम्ही त्याच्या पोटावर हात ठेवून बसा. बाकी काही करू नका." आठ दिवस नानांनी बाळ्याला हात लावला नव्हता. बघवत नाही म्हणून ते मागच्या अंगणात जातच नसत. आता बसले. साहेबांनी तो चहा इतका सावकाश घेतला की आईला वाटलं, आवडला नाही वाटतं. बशी खाली ठेवल्यावर नाना उठले, हात धुऊन आले आणि म्हणाले, "परवा या. उद्या गुरुवार आहे."

"उद्याचा दिवस त्याने कसा काढायचा, तेवढं सांगा," साहेब म्हणाले.

नाना देवघरात गेले. बाहेर आले ते डोळे पुसतच. "उद्याच या. ज्याचा आहे त्याच्याच वाराला जाऊ दे."

मला वाटलं, झालं, ठरलं. पण साहेबांनी आईला विचारलं, "घरात माणसं किती?" आई म्हणाली, चार. मग इंजेक्शन द्यायचं का, असं त्यांनी आईला विचारलं, माझ्या बहिणीला विचारलं, आणि शेवटी मला. मी नुकता मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात मला भाजी कुठली आणू हेसुद्धा कोणी विचारत नसे. मी म्हटलं, "नको."

"बरं. मग आपण दोघं जरा बोलू," ते म्हणाले आणि माझ्याबरोबर ओट्यावर येऊन बसले. गाठ म्हणजे काय, ती कुठवर पसरलीय, इंजेक्शन दिल्यावर आधी काय होतं, मग काय होतं, काही लपवलं नाही. तबेल्यातला माणूस दोनदा बोलवायला येऊन गेला. मी 'हो' म्हटलं तेव्हाच ते उठले. गुरांचा डॉक्टर व्हायचं मी त्या ओट्यावर ठरवलं. नाना म्हणाले, "अरे, बँकेत चिकटला असतास!" पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

पुढे शिकून झाल्यावर मी अंधेरीला साहेबांच्या हाताखाली रुजू झालो आणि त्यांची ती पद्धत मला जवळून बघायला मिळाली. पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने जायचं. बॅग दिसली की माणसं घाबरून 'हो' म्हणतात, नाही तर घाबरून 'नाही' म्हणतात, असं ते सांगत. दुसऱ्या खेपेला इंजेक्शन, पण त्याआधी खड्डा. खड्डा घरातल्यांनीच खणायचा आणि साहेब स्वतः त्यात उतरून बघणार, कमरेएवढा झालाय की नाही. त्या वेळी जोगेश्वरीच्या लेण्यांकडून कोल्हे यायचे, उथळ खड्डा उकरून काढायचे. खाली जाडं मीठ, वर जाडं मीठ. ते मीठ मुलुंडच्या मिठागरातून आणून दवाखान्यात पोत्यात भरून ठेवलेलं असे. म्हशीवाल्यांना वाटायचं, म्हशींच्या खाण्यात, आंबोणात घालायला ठेवलंय. ते खुशाल मूठभर उचलून न्यायचे आणि साहेब त्यांच्या अंगावर ओरडायचे. तिसरी खेप आठवड्याने. त्या खेपेला काही काम नसे. माणूस गेलेल्या घरी आपण भेटायला जातो ना, तसं जायचं आणि बसायचं. त्या कुत्र्याच्या खोड्या ऐकायच्या. आमच्या ओळखीचे एक वकील साहेबांना म्हणाले होते, "सासवडकर, कुत्र्याच्या मयताला भेटायला जाता? वेड लागलंय का?" साहेब म्हणाले, "मेलेल्याला नाही हो भेटायला जात. घरात जे उरलेत, त्यांना जातो."

रागीट मात्र भारी. एकदा एक गृहस्थ चांगला धडधाकट कुत्रा घेऊन आले. नव्या ब्लॉकमध्ये राहायला जायचं होतं आणि तिथे घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. "इंजेक्शन देऊन टाका," म्हणाले. साहेबांचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. "घरमालकाला घेऊन या! त्यालाच देतो इंजेक्शन!" ते गृहस्थ कुत्रा तिथेच सोडून पळाले. तो पुढे सात वर्षं आमच्या दवाखान्याच्या दारात होता आणि येणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचा. पेशंट घाबरायचे, साहेबांना त्याचं काय!

वेसाव्याला त्यांचं नाव पडलं होतं 'यमाचा कंपाउंडर'. त्यांची सायकल दिसली की कोळणी आपापली कुत्री घरात ओढून घ्यायच्या. साहेबांना याची गंमत वाटे. त्याच वेसाव्यात हिराबाईंचा काळू होता, वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करणारा. आंधळा झाला, मग मूत्रपिंडं गेली. इंजेक्शनच्या आधी त्याला आवडता घास द्यायचा म्हणून हिराबाईंनी ताजे बोंबील शिजवून आणले. आता आमचे साहेब घाटावरचे, जन्माचे शाकाहारी. मासळीच्या वासाने त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण हिराबाई ताटली मांडीवर घेऊन रडतच बसल्या म्हणून त्यांनी ती स्वतःकडे घेतली आणि मन लावून एकेक काटा काढायला बसले. हिराबाई रडता रडता हसल्या. "आरं डाक्टर, बोंबलाचं काटं कवा कोनी काढतं काय?" साहेब ओशाळले, पण काटे काढूनच त्यांनी काळूला भरवलं. त्यानंतर वेसाव्यात त्यांना कोणी यमाचा कंपाउंडर म्हटलं की हिराबाई शिव्या घालत. त्या शिव्या मी या ग्रंथात लिहू शकत नाही.

इथवरचं कोणीही लिहिलं असतं. आता जे लिहितो ते माझ्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही, कारण चूक माझी आहे. त्यातल्या बाईंना विचारून लिहितो आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

मला काम करायला लागून दीड वर्ष झालं होतं. श्रावण होता आणि साहेब चार दिवस गावी गेले होते. घाटकोपरहून वसंतराव नावाचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांचा टायगर लंगडत लंगडत शेवटी मागच्या दोन्ही पायांनी गेला होता, अंगाला जखमा पडल्या होत्या. मी जाऊन पाहिलं. बरं होण्यातलं ते दुखणं नव्हतंच. वसंतराव म्हणाले, "डॉक्टर, ही बहिणीच्या मंगळागौरीला माहेरी पेणला गेलीय. शुक्रवारी येईल. ती यायच्या आत उरकून घेऊ. तिला बघवायचं नाही हो."

माणूस चांगला होता. बायकोवर माया होती म्हणूनच बोलत होता. आणि मला, खरं सांगतो, ते अगदी शहाणपणाचं वाटलं. पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरून बघितलं. मीठ घातलं. सगळं साहेबांसारखं केलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन मी परत आलो.

साहेब गावाहून आले. मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात माणसं किती होती?"

"एकटेच होते."

"होती किती ते कळलं. राहतात किती?"

साहेबांनी हातातला कप तसाच खाली ठेवला. "चल," म्हणाले.

साकीनाक्यावरून सायकली मारत आम्ही घाटकोपरला गेलो. वसंतरावांच्या पत्नी, कुसुमताई, आदल्याच दिवशी पेणहून आल्या होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हे म्हणतात, झोपेतच गेला. आपोआप. मेली ती मंगळागौर! चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? माझ्याशिवाय कधी जेवत नव्हता तो. मी गेले म्हणूनच त्याने जीव सोडला."

वसंतराव माझ्याकडे बघत होते. काय सांगू तुम्हाला, हात जोडायचे तेवढे त्यांनी बाकी ठेवले होते. मी साहेबांकडे बघितलं. वाटलं, तेच काहीतरी बोलून सावरून घेतील. ते माझ्याकडेच बघत होते. त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला.

मी म्हटलं, "ताई, तो आपोआप गेला नाही. मी इंजेक्शन दिलं. तुम्हाला न विचारता दिलं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "माझी वाट बघत होता?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण मी त्याच्याजवळ बसलो होतो, मी बघितलं होतं. "हो," मी म्हटलं. "तोंड फाटकाकडे होतं. फाटक वाजलं की मान उचलायचा. दोनदा उचलली."

कुसुमताई आत निघून गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. वसंतराव साहेबांवर चिडून म्हणाले, "हे सांगायची काही गरज होती का?"

"वसंतराव, तुम्ही बायकोला जपायला गेलात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही," साहेब म्हणाले. "पण सगळ्यांना विचारायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. चूक आमची आहे." 'आमची' म्हणाले. ते तर त्या दिवशी गावी होते.

कुसुमताई दारात आल्या. "तुम्ही दोघंही जा आता," एवढंच म्हणाल्या.

परतताना सायकली हातात धरून आम्ही चालत होतो. मी म्हटलं, "साहेब, मी हे काम सोडतो. म्हशी बघीन, कोंबड्या बघीन, पण हे मला जमणार नाही."

"सोड की," ते म्हणाले. "दीड वर्ष नुसता प्रश्न पाठ केला होतास. आज तो का विचारायचा ते कळलं, तर आज सोड." आणि जरा पुढे गेल्यावर, "सोडायच्या आधी एक कर. दर रविवारी सकाळी त्या बाईंकडे जायचं. दार उघडलं तर आत बसायचं, नाही उघडलं तर परत यायचं. मग काय ते ठरव."

पहिल्या रविवारी दार उघडलं नाही. दुसऱ्या रविवारी कुसुमताईंनी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. तिसऱ्या रविवारी वसंतराव बाहेर आले आणि म्हणाले, "कशाला येता हो? तिला त्रास होतो." त्या दिवशी घरी येऊन मी नानांना सांगून टाकलं की बँकेत कुठे जागा असेल तर बघा. चौथ्या रविवारी मी गेलो तो निरोप घ्यायलाच. दार उघडं होतं आणि ओट्यावर खुर्ची मांडलेली होती. कुसुमताई बाहेर आल्या, उंबऱ्यावर बसल्या, आणि टायगर पिल्लू असताना त्याने वसंतरावांच्या मुंजीतलं तांब्याचं भांडं कसं पळवलं होतं, ते सांगायला लागल्या. जेवायची वेळ झाली तरी सांगत होत्या. मी बँकेत गेलो नाही. पुढे त्यांनी दुसरा कुत्रा पाळला. तो म्हातारा झाला तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं.

त्यानंतर इतकी वर्षं मी हे काम केलं. किती घरांच्या मागच्या अंगणांत उभा राहिलो याची मोजदाद नाही. ती अंगणंही आता राहिली नाहीत. तिथे इमारती झाल्या, खाली मीठ आहे हे कोणाला माहीतही नाही. आणि दर वेळी मला वाटायचं, त्या रविवारी कुसुमताईंना आपोआपच माझी दया आली. माणसाचं मन कधीतरी वितळतंच, असं मी शिकाऊ डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

गेल्या महिन्यात हे लिहायची परवानगी मागायला मी त्यांच्याकडे गेलो. वसंतराव आता नाहीत, ताई थकल्यात, पण जीभ शाबूत आहे. मी म्हटलं, "ताई, चौथ्या रविवारी तुम्ही दार उघडलंत, नाही तर मी आज बँकेतून रिटायर झालो असतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"अहो, तुमचे डॉक्टर दर शनिवारी यायचे की! तुमच्या आदल्या दिवशी. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. खुनी म्हटलं. ते ओट्यावर उभ्या उभ्या सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'आणखी बोला. जे काय आहे ते मला बोला. पण उद्या तो येईल, त्याला बसू द्या. त्याने तुम्हाला खरं सांगितलंय. असा माणूस या कामातून गेला तर मला दुसरा मिळायचा नाही.' चार शनिवार आले, सायकलवरून, पावसातून. शेवटी मलाच लाज वाटली."

मी तिथून तडक अंधेरीला साहेबांच्या घरी गेलो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहा घेत होते. मी विचारलं, "साहेब, तेव्हा शनिवारी शनिवारी तुम्ही घाटकोपरला जात होता?"

"घाटकोपरला? छे! शनिवारी मी कशाला घाटकोपरला जाईन?" ते बशीकडे बघत म्हणाले. "आठवत नाही बुवा मला."

त्यांना तीस वर्षांपूर्वीच्या म्हशींची नावं आठवतात. मी पाया पडलो आणि निघालो. जिन्यावर मात्र मला रडू आवरेना, आणि या वयात ते लपवायचंही मी काही कारण बघत नाही.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मला एका बाईसमोर खरं बोलायला लावलंत आणि मला त्यातून बाहेर काढलंत ते मला न सांगता. तुमचे गुडघे बरे राहोत, डोळे शाबूत राहोत, साखरेवरून घरातले ओरडतात त्यांच्याकडे थोडं लक्ष द्या, आणि चांगली शंभरी गाठा. दर वर्षी या दिवशी मी येऊन तुम्हाला त्या शनिवारांबद्दल विचारणार आहे. तुम्ही खुशाल 'आठवत नाही' म्हणा, साहेब. एवढं एक खोटं आपण दोघं मिळून पुष्कळ वर्षं चालवू.